लाल ठिपक्याच्या पुढे

मी बोलतोय. दचकू नका, सुरू झालेलो नाही. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेली आहे आणि मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, गोठ्यातल्या फळीवर पडून आहे. डब्याचं झाकण नीट बसत नाही. त्या फटीतून जेवढं दिसतं आणि ऐकू येतं, तेवढं आता माझं जग.

मी एक मिनी ग्राइंडर आहे. माणसाच्या मुठीत मावतो. माझ्या तोंडात कधी लहानसं पातं बसवतात, कधी ब्रश, कधी पॉलिशपेपरची नळी, आणि मग मी गरगरा फिरतो. माझ्या पाठीवर एक छोटी चकती आहे. तिच्यावर एक ते सहा असे आकडे आहेत. एकवर मी गुणगुणतो, सहावर किंचाळतो. किती वेगानं फिरायचं हे मी ठरवत नाही, माझ्या पाठीवर अंगठा ठेवणारा ठरवतो. हे लक्षात असू द्या, कारण पुढं सगळे हेच विसरणार आहेत.

काम चांगलं झालं की माणसं म्हणतात, "बघ, माझा हात!" बिघडलं की म्हणतात, "मशीनच तसलं." ही रीत मला समजायला दोन घरं लागली.

पहिलं घर सोलापुरात शुक्रवार पेठेत होतं. एका हार्डवेअरच्या दुकानातून बसप्पांनी मला घरी आणलं. बसप्पा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे, आणि बसप्पा पुढच्या खोलीत खिडकीशी बसून गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात तयार करायचे. ज्याच्या तोंडात ती कवळी जायची, तो माणूस त्यांनी कधी बघितलेला नसायचा. तरी त्याच्या हिरडीला कुठं टोचेल याची काळजी त्यांना असायची. दिवसभर ते माझ्याकडून कवळीच्या कडा घासून घ्यायचे. मध्येच थांबायचे, आणि घासलेली जागा स्वतःच्या खालच्या ओठाला लावून बघायचे.

"ओठाला सोसंल तेवढंच गरम," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एकदा चारवर लावलं होतं. कवळीची कड वितळली, तिचा गोळा झाला, खोलीभर घाण वास सुटला. बसप्पा माझ्यावर चिडले नाहीत. आपल्याच अंगठ्याकडं बघत बसले. मग आतल्या खोलीत हाक मारली, "अक्षता, तुझी ती नखाला लावायची बाटली आण की जरा."

अक्षता त्यांची मुलगी. तेव्हा ती कॉलेजात होती आणि तिची नखं कायम लाल असायची. तिनं बाटली आणली, आणि बसप्पांनी माझ्या चकतीवर दोनच्या आकड्याशी एक लाल ठिपका दिला.

"तार कापायची तर सहावर कापावी," ते म्हणाले. "लोखंडाला काय दुखतंय? पण जे जित्या अंगाला लागणार हाय, ते दोनवर. ह्या ठिपक्याच्या पुढं न्हाय. आणि आवाज बसला की हात उचलायचा. आवाज बसला म्हणजे आपुन दाबतोय."

"अप्पा, मला कशाला सांगताय? मी कुटं कवळ्या करणार हाय?"

"ऐकून ठेव की. निधान, निधान करावं लागतंय सगळं."

निधान म्हणजे हळू. त्या घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलायचे, आणि रागावताना कानडीच जास्त. मला दोन्ही कळायचं, आणि त्या दोन्ही भाषांत मला कुणी वाईट बोललं नाही. अकरा वर्षं मी तिथं होतो. गुलाबी भुकटी माझ्या चकतीच्या खाचेत बसत गेली, चकती घट्ट झाली, आणि शेवटी शेवटी ती हलवायला अंगठ्याचं नख रोवून जोर करावा लागायचा. बसप्पांना त्याची फिकीर नव्हती. ती दोनवरच राहायची.

बसप्पा गेल्यावर त्यांची हत्यारं कुणाला हवी होती? अक्षताचं लग्न अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका गावात झालं होतं. ती माहेरी आली, खिडकीशी जरा वेळ बसली, आणि जाताना पिशवीत मला घालून घेऊन गेली.

आता दुसरं घर. तिचे सासरे सोमलिंग. गावात आणि आजूबाजूच्या दहा गावांत शिंगं साळावीत तर सोमलिंगनं, असं सगळे म्हणायचे. खिलार जनावराची शिंगं लांब आणि वळणदार असतात, पण बुडाशी खरखरीत वळ्या येतात, साल निघतं, टोकं वाकडी वाढतात. ती तासून, घासून, तेल लावून आरशासारखी करायची, हे सोमलिंगचं काम. धारदार पातं, बाटलीच्या काचेचा तुकडा आणि करडईचं तेल एवढंच त्याचं सामान. चाळीस वर्षांत एकाही जनावराच्या शिंगातून त्यानं रक्त काढलेलं नव्हतं. हे तो स्वतः सांगायचा नाही; लोक सांगायचे, आणि तो ऐकत नसल्यासारखं करून ऐकायचा.

पण त्याची बोटं आखडायला लागली होती. सकाळी पातं धरलं की दुपारी मूठ उघडायची नाही. त्याचा मुलगा गुरुशांत, म्हणजे अक्षताचा नवरा, ट्रॅक्टर चालवायचा; त्याला या कामात रस नव्हता. एके दिवशी अक्षतानं मला डब्यातून काढलं आणि म्हणाली, "मामा, हे वापरून बघा की. आमच्या अप्पांचं हाय. पण दोनवर. जित्या अंगाला दोनवर."

सोमलिंगनं आधी तुटलेल्या शिंगाच्या तुकड्यावर मला चालवून बघितलं. एकवर, दोनवर, तीनवर. प्रत्येक वेळी तुकडा गालाला लावला. मग म्हणाला, "शिंगाचं टोक मेलेलं असतंय, नखासारखं. बूड जितं. आत हाड हाय, रगत हाय. टोकाला तीन चालंल. बुडाला दोनच. तुझा बाप शहाणा माणूस हुता पोरी."

त्या दिवशी मला वाटलं, पुन्हा चांगल्या हातात पडलो. आणि खरंच पडलो होतो, म्हणून तर आज एवढं कडू बोलतोय. वाईट माणसाकडून वाईट झालं असतं, तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसलो असतो.

सोमलिंग टोकापासून सुरुवात करायचा, बुडाकडं येताना थांबायचा, नख रोवून चकती मागं घ्यायचा. ओलं फडकं शिंगाला गुंडाळायचा. दर थोड्या वेळानं मला बाजूला धरायचा आणि आपला गाल शिंगाला टेकवायचा. बसप्पांचा ओठ, ह्याचा गाल. जनावरं डोळे मिटायची. त्याच्या बोटांना आराम पडला आणि माझं आयुष्य सत्कारणी लागलं, असं मी मनाशी म्हणून टाकलं. घाई केली मी.

गावात शिवम्मा नावाची बाई होती. नवरा नव्हता, मूल नव्हतं, आणि हरण्या होता. हरण्या जन्मला त्याच दिवशी त्याची आई मेली. शिवम्मानं बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवलं. पांढराशुभ्र खिलार वळू, शिंगं अशी की बघणारा वाटेत थांबायचा. निम्म्या गावातली वासरं त्याची. पण मोठा हट्टी. शिवम्मा आणि सोमलिंग सोडून कुणालाही डोक्याला हात लावू द्यायचा नाही. हरण्या खोंड असतानाच सोमलिंगनं त्याला एक शब्द शिकवला होता. कपाळावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, "निल्लु." म्हणजे उभा राहा. तेवढं म्हटलं की हरण्या दगडाच्या नंदीसारखा उभा राहायचा. माशी बसली तरी कान हलवायचा नाही.

मला पहिल्यांदा बघून शिवम्मा नाराज झाली.

"अण्णा, ही घरघर माझ्या हरण्याला नगं. तुमची काच बरी."

"माझी बोटं वळंनात शिवम्मा. हे बघ, हितं लाल ठिपका हाय. हितं असलं की जनावराला लागत न्हाय. मी आधी माझ्या गालाला लावून बघतो. ह्या ठिपक्याच्या पुढं मी हरण्याच्या बुडाला जाणार न्हाय. सिद्धरामाची आण."

शिवम्मानं वाकून ठिपका बघितला. बोटानं चकती फिरवायला गेली तर फिरेना. "लई घट्ट हाय की," ती म्हणाली.

"घट्टच बरी. आपोआप हलायची न्हाय."

हे वाक्य सोमलिंगचं आहे. माझं नाही. लक्षात ठेवा.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग गेल्या वर्षीची कारहुणवी आली. ज्येष्ठाच्या पुनवेचा हा बैलांचा सण. काही भागांत त्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात. त्या दिवशी जनावरांना जुंपत नाहीत, मारत नाहीत, त्यांच्यावर ओरडतही नाहीत. शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. आणि दुपारी चार वाजता वेशीत कर तोडतात. कर म्हणजे वेशीत आडवा बांधलेला पानांचा दोर. तो जे जनावर पळत येऊन पहिल्यांदा तोडतं, त्याचा मान वर्षभर राहतो. तीन वर्षं तो मान हरण्याचा होता.

गुरुशांतनं गावभर सगळ्यांना हो म्हणून ठेवलं होतं. "अप्पांकडं मशीन हाय, घेऊन या, पटापट होतंय." सकाळपासून अंगणात जनावरांची रांग. सोमलिंग पहाटे बसला होता, आणि दुपारी तीन वाजता हरण्याची पाळी आली तेव्हा मागं अजून तीन जोड्या उभ्या होत्या. माणसं खोळंबली होती. कुणी मोबाईलवर हरण्याचा व्हिडिओ काढत होतं. शिवम्मा रंगाची वाटी आणि बेगड आणायला घरी गेली होती. गेली नसती तर बरं झालं असतं. पण असं म्हणून तिच्यावर कशाला ढकलू? ती विश्वासानं गेली होती.

सोमलिंगनं तळवा कपाळावर ठेवला. "निल्लु." हरण्या उभा राहिला. मला तीनवर सुरू करून टोक घासायला घेतलं.

तेवढ्यात गुरुशांत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अप्पा, गाडीला सहा गिअर असून दुसऱ्या-तिसऱ्यातच चालवायची व्हय? कर काय उद्या तोडायची हाय का?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "अण्णाचं वय झालं आता. मशीन ताजं, माणूस शिळा."

वाईट हेतूनं कुणीच बोललं नव्हतं. सणाची थट्टा होती. पण ज्याचं नाव दहा गावांत होतं त्याला चारचौघांत शिळा म्हटलं होतं, आणि त्याच्या मुलाच्या तोंडून ते सुरू झालं होतं. सोमलिंगच्या बोटांतून मला ते कळलं. बोटं ताठ झाली. अंगठ्याचं नख माझ्या चकतीत रोवलं आणि चकती पुढं ढकलली. चार, पाच, सहा.

मी किंचाळलो. दुसरं काय करणार? सहावर मला तेवढंच येतं.

टोकाला काही झालं नाही. टोक मेलेलं असतं. शिंग भराभर गुळगुळीत झालं, भुकटीचा फवारा उडाला, लोक "व्वा अण्णा!" म्हणाले. मोबाईल जवळ आला. सोमलिंगच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि मी हळूहळू शिंगावरून खाली खाली यायला लागलो. मी वाट बघत होतो. आता थांबेल. आता मला बाजूला घेईल, नख रोवेल, चकती मागं आणेल, फडकं भिजवेल, गाल टेकवेल. पण तसं करायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं, की आपल्याला दोनशिवाय जमत नाही. त्यानं चकती मागं घेतली नाही.

बुडाशी पहिली वळी गेली. दुसरी गेली. माझा आवाज बसला. केस जळल्यासारखा वास यायला लागला. आता जे सांगतो ते मी सोडून कुणाला माहीत नाही, कारण सोमलिंगची बोटं आणि हरण्याचं शिंग यांच्या मध्ये मीच होतो. सोमलिंगला कळलं होतं. त्याचा हात सुतभर वर उचलला गेला. चाळीस वर्षांचा हात होता तो, त्याला न कळून कसं चालेल? हात वर गेला, आणि तो त्यानं पुन्हा खाली आणला. एकच वळी राहिली होती.

आणि हरण्या? त्याच्या कातडीवर मानेपासून शेपटापर्यंत थरकाप गेला. डोळ्यांतून पाणी आलं. पण कपाळावर ओळखीचा तळवा होता, आणि सोमलिंग दातांवर दात दाबून म्हणत होता, "निल्लु, निल्लप्पा, निल्लु." म्हणून तो उभा राहिला. पाय हलवला नाही. लोक कौतुकानं म्हणत होते, "बघा, कसा उभा हाय!"

वास स्वयंपाकघरात गेला. अक्षता पुरणाच्या हातानं धावत बाहेर आली. तिला हा जळका वास बसप्पांच्या खोलीपासून माहीत होता.

"मामा, साकु! साकु! पुरे!" ती ओरडली आणि तिनं बोर्डातून माझी पिन उपटली.

मी थांबलो. शिंगाच्या बुडाशी तळहाताएवढी जागा तपकिरी झाली होती.

"काय झालं अप्पा?" गुरुशांतचा आवाज बारीक झाला होता.

सोमलिंगनं माझ्याकडं बघितलं, मग लोकांकडं. आणि चाळीस वर्षांत खोटं न बोललेला माणूस म्हणाला, "व्होल्टेज वाढलं वाटतंय. मशीन आपोआप पळालं."

लगेच सगळ्यांना पटलं. गावात व्होल्टेज वाढतंच. कुणाची मोटार जळालेली असते, कुणाचा टीव्ही. "कालपास्नं लाईटीचं असंच चाललंय," एकजण म्हणाला. "ह्या असल्या मशीनीचा काय भरवसा," दुसरा म्हणाला. झालं. खापर फुटलं. मला डोकं नाही, तरी माझ्याच डोक्यावर फुटलं.

अक्षतानं मला उचललं. तिनं चकती बघितली. चकती सहावर होती. ठिपका कुठल्या कुठं मागं राहिला होता. तिनं सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं मान फिरवली. मग तिनं वायर गुंडाळली, मला डब्यात घातलं आणि झाकण लावलं. तिला सगळं समजलं होतं, आणि ती एक शब्द बोलली नाही. तिचं तरी काय चुकलं म्हणू? त्या घरात तिला राहायचं होतं.

शिवम्मा आली तोवर जळक्या जागेवर हळद-तेल लावून झालं होतं आणि वर हिंगुळाचा लाल रंग फासला होता. तिला सांगितलं, "जरा गरम झालं, व्होल्टेज वाढलं." चार वाजता हरण्यानं कर तोडली. पहिलाच आला. मी डब्यातून हलग्या ऐकल्या. लोकांनी त्याला गुलालानं माखलं. जळक्या बुडाचं जनावर पळालं कसं, हे कुणाच्या मनात आलं नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, ते दुखण्यापासून लांब पळत होतं.

चौथ्या दिवशी शिंगाचं बूड सुजलं. आठव्या दिवशी नाकपुडीतून पू यायला लागला. माश्या बसल्या, अळ्या पडल्या. शिवम्मा रात्रंदिवस कडुलिंबाचा पाला घेऊन बसून होती. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. आतलं हाड सडलं होतं. त्यांनी भूल देऊन, तारेनं कापून, ते शिंग मुळापासून काढलं. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं हे?"

सोमलिंग तिथंच उभा होता. हे मला अक्षता आणि गुरुशांतच्या बोलण्यातून कळलं. तो पुन्हा तेच म्हणाला, "व्होल्टेज वाढलं साहेब. मशीन आपोआप पळालं." एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं.

हरण्या वाचला. पण एका शिंगाचा झाला. आता तो मानाचा राहिला नाही, बघणारे थांबेनासे झाले. थांबले तर हळहळायला. आणि त्याला घरघरीची धडकी बसली. कुणाच्या घरात मिक्सर लागला, मोटारसायकल गेली, पिठाची गिरणी सुरू झाली, की तो दावं तोडायला बघायचा. शिवम्मानं त्याला गावाबाहेरच्या शेडमध्ये हलवलं आणि स्वतःही तिथंच राहायला गेली.

आणि सोमलिंग? त्यानं काम बंद केलं. म्हणाला, कानाला खडा लावला, मशीनला पुन्हा हात लावणार नाही. लोक म्हणाले, "बघा, जुनी माणसं किती मनाला लावून घेतात." म्हणजे त्याची उलट इज्जत वाढली. मला फळीवर टाकलं. कुणी जवळ आलं की म्हणायचे, "ते तसलं मशीन हाय, हात लावू नका." सोमलिंगच्या पाया पडून लोक जायचे आणि माझ्याकडं बोट दाखवायचे. मला संताप यायचा. अजून येतो.

या वर्षीची कारहुणवी परवाच झाली. सकाळी शिवम्मा दारात उभी राहिली. सोबत हरण्या. वर्षभरात ती या अंगणात पहिल्यांदा आली होती.

सोमलिंग बाजेवरून उठला. "ये शिवम्मा."

"सणाचा दिवस हाय अण्णा. एक शिंग ऱ्हायलंय त्याचं. तेवढं काचेनं साळून द्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय."

"देतो की." त्यानं काचेचा तुकडा हातात घेतला.

"आणि ते मशीन हाय का अजून? एकदा बघू द्या मला. बंदच. वर्षभर मी त्याला शिव्या घातल्यात, नीट बघितलं बी न्हाय."

अक्षता गोठ्यात आली. डबा उचलला, झाकण काढलं. तिच्या अंगठ्याचं लाल नख माझ्या चकतीपर्यंत आलं. वाटलं, ही आता चकती मागं घेणार, दोनवर आणणार, आणि सगळं खोटं कायमचं खरं होणार. तिनं नख काढून घेतलं. मला तसंच नेऊन शिवम्माच्या हातात दिलं. त्या पोरीचे मी उपकार मानतो. वर्ष लागलं, पण तिनं तेवढं केलं.

शिवम्मानं पदरानं माझी धूळ पुसली. मला उलटं केलं. लाल ठिपका शोधला, आणि मग चकती कुठं आहे ते बघितलं. बोटानं चकती फिरवून बघितली. फिरली नाही. दुसऱ्या हाताचा जोर लावला, तरी फिरली नाही.

"लई घट्ट हाय की अजून," ती म्हणाली.

गुरुशांत ट्रॅक्टरकडं निघून गेला.

मी वाट बघत होतो. आता ती ओरडेल, शिव्याशाप देईल, गाव गोळा करेल, आणि माझ्यावरचं किटाळ उतरेल. एवढ्या वर्षभराच्या कडूपणाला कुठंतरी तोंड फुटेल.

तेवढ्यात हरण्यानं मला बघितलं. मी बंद होतो, तरी बघितलं. फुरफुरत मागं सरला, डोळे पांढरे केले. आणि मला चुकवत, अंगणाला वळसा घालून, तो सोमलिंगपाशी गेला. मान खाली घातली. आपलं कपाळ सोमलिंगच्या तळव्याखाली सारलं आणि उभा राहिला. निल्लु म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही. राहिलेलं शिंग एका बाजूला, दुसऱ्या बाजूला नुसता खड्डा.

त्यालाही मीच दोषी वाटतोय. त्या दिवशी त्यानं आवाज माझा ऐकला होता. तळवा ओळखीचा होता.

सोमलिंग मटकन खाली बसला. हरण्याच्या पायाशी बसून, तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडला. शिवम्मा त्याच्या डोक्यापाशी उभी राहिली. हात लावला नाही. सावकाश म्हणाली, "त्याला ठावं न्हाय अजून, अण्णा. त्याला कळू देऊ नगा. उठा, शिंग साळा."

मला तिनं अक्षताच्या हातात परत दिलं. आणि सोमलिंग उठला. दुपारपर्यंत काचेनं त्यानं ते एक शिंग साळलं. दर चार घासांनी गाल टेकवत होता. काच कुठं गरम होते? तरी टेकवत होता.

गावात अजून तीच गोष्ट चालू आहे, की व्होल्टेज वाढलं आणि मशीन आपोआप पळालं. शिवम्मा कुणाला काही सांगणार नाही, आणि हरण्याला कळू देऊ नका असं तिनं म्हटल्यावर सोमलिंगला तर आता सांगायची सोयच उरली नाही. मीच तुम्हाला सांगतोय. न्याय मागत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल, पाठीवर चकती असलेलं. ते कितीवर पळतं हे सगळे विचारतात. खाली काय धरलंय, मेलेलं की जितं, ते एकदा बघा, आणि लोक हसत असले तरी चकती मागं घ्या. हसून हसून किती वेळ हसतील?

मला आता मोडीत द्या, पुरून टाका, काही करा. फक्त अक्षता, तू रोज या गोठ्यात येतेस. तुझ्या बापानं तुझ्याच बाटलीतला ठिपका मला लावला होता. एकदा झाकण उघड, नख रोव, आणि मला सहावरून मागं आण. सुरू नको करूस. नुसतं दोनवर आणून ठेव.